चुंबकीय विषुववृत्तावरचा ‘नॉइज’ स्वतः शोधायचाय? मग इथून सुरू करा

सॅटेलाइटचा डेटा म्हटलं की लोकांना वाटतं नासात नोकरी पाहिजे, निदान पीएचडी तरी पाहिजे. काही नको. एक साधा लॅपटॉप, बरं इंटरनेट, बारावीचं फिजिक्स आणि दोन-तीन रविवार, एवढ्यावर तुम्ही पृथ्वीपासून वीस-पंचवीस हजार किलोमीटर वर चाललेली एक गंमत स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकता (आणि कानांनी ऐकूही शकता, ते शेवटी सांगतो). त्या गमतीचं नाव इक्वेटोरियल नॉइज. पेपरांमध्ये तिला फास्ट मॅग्नेटोसोनिक वेव्ह म्हणतात, थिअरीवाले आयन बर्नस्टाइन मोड म्हणतात, म्हणजे एकाच माणसाला घरी बाळू, ऑफिसात देशपांडे आणि रेशनकार्डावर बाळकृष्ण म्हणतात तसं. तिन्ही नावं दिसली तर घाबरू नका, या लेखापुरती बाई एकच आहे.

मी स्वतः हे शिकताना भरपूर आपटलोय, त्यामुळे कुठे आपटायला होतं ते पण सांगत जातो.

आधी थोडं, हे आहे काय

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन अडकलेले असतात आणि ते रेषेभोवती गोल गोल घिरट्या घालत असतात. एका सेकंदात किती घिरट्या, ती त्यांची जायरोफ्रिक्वेन्सी. आपल्या लहरी या जायरोफ्रिक्वेन्सीच्या वर आणि ‘लोअर हायब्रिड’ नावाच्या फ्रिक्वेन्सीच्या खाली राहतात, म्हणजे साधारण काही हर्ट्झपासून काहीशे हर्ट्झपर्यंत. आणि त्या जवळजवळ फक्त चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास सापडतात, बहुतेक वेळा दोन-तीन अंश वर, दोन-तीन अंश खाली, बस. त्याच्या पलीकडे गेलात की आवाज बंद.

पहिल्यांदा त्या दिसल्या ओजीओ-३ या अमेरिकन सॅटेलाइटच्या डेटात, रसेल, होल्झर आणि स्मिथ या तिघांनी १९७० च्या सुमारास ते छापलं. तेव्हा तो खरंच नुसता ‘नॉइज’ वाटला, म्हणून ते नाव. मग १९७६ मध्ये गर्नेटने जास्त बारकाईने बघितलं तर कळलं की हा नॉइज नाहीचे, याच्यात एकमेकींना समांतर बारीक रेषा आहेत आणि त्या रेषांमधलं अंतर प्रोटॉनच्या जायरोफ्रिक्वेन्सीइतकं आहे. पण नाव पडलं ते पडलं.

इथे एक गोंधळ लगेच मिटवूया, कारण मला स्वतःला तो महिनाभर होता. आपण शाळेत ऐकतो की चुंबकीय विषुववृत्त केरळ-तमिळनाडूवरून जातं, थुंबाला रॉकेट स्टेशन त्याच्यासाठीच केलं, १९६३ मध्ये पहिलं रॉकेट तिथूनच उडालं, तिरुनेलवेलीला पण भूचुंबकत्वाची लॅब आहे. ते सगळं बरोबर, पण ते जमिनीवरचं आणि आयनोस्फिअरचं विषुववृत्त. आपल्याला हवंय ते वर, अवकाशातलं. एखादी चुंबकीय रेषा दक्षिणेतून निघून उत्तरेला उतरते, त्या वाटेवर ज्या जागी क्षेत्र सगळ्यात कमजोर असतं ती जागा म्हणजे त्या रेषेचं विषुववृत्त. तर थुंब्याच्या वर बघत बसू नका.

पहिलं काम: कुठल्या सॅटेलाइटचा डेटा घ्यायचा

माझं स्पष्ट मत, नवीन माणसाने व्हॅन अ‍ॅलन प्रोब्स घ्यावेत. दोन जुळे सॅटेलाइट, ऑगस्ट २०१२ मध्ये सोडले, २०१९ मध्ये दोन्ही बंद केले, म्हणजे जवळपास सात वर्षांचा डेटा पडलाय आणि फुकट आहे. कक्षा विषुववृत्ताशी फक्त दहा अंश कललेली, एक फेरी नऊ तासांची, सर्वात लांबचं टोक पृथ्वीच्या केंद्रापासून ५.८ त्रिज्या. म्हणजे हे दोघं बरेचसे आपल्याच इलाख्यात फिरत होते. त्यांच्यावर एमफिसिस नावाचं उपकरण होतं, आयोवा विद्यापीठाने बनवलेलं, त्यातला वेव्हफॉर्म रिसीव्हर चुंबकीय क्षेत्राचे तीन आणि विद्युत क्षेत्राचे तीन असे सहाही घटक मोजायचा. हे सहा घटक किती महत्त्वाचे ते पुढे कळेल.

क्लस्टर पण छान आहे (चार सॅटेलाइट, युरोपचे, २००० सालचे), थेमिस आहे, जपानचा अरासे आहे. पण क्लस्टर ध्रुवांवरून फिरायचे त्यामुळे विषुववृत्त सटकन ओलांडून जायचे, शिकायला थोडा वेळ हाताशी राहील असा डेटा बरा.

आणि हो, दर वेळी कुणीतरी विचारतंच, आदित्य-एल१ चा डेटा चालेल का. नाही चालणार. तो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला बसलाय, या लहरी पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत असतात. त्याचा डेटा सौरवारा बघायला घ्या, तो वेगळा विषय.

दुसरं काम: दिवस निवडा

सुरुवातीला सगळे इथेच चुकतात, कुठलाही दिवस उघडतात आणि काही दिसत नाही म्हणून सोडून देतात. वादळ बघा. चुंबकीय वादळ येतं तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या शेपटीकडून (सूर्याच्या विरुद्ध बाजूने) गरम प्रोटॉन आत ढकलले जातात, आणि या लहरींचं इंधन तेच आहे. वादळाचा मुख्य तडाखा नको, तो ओसरायला लागल्यानंतरचे दोन-चार दिवस घ्या.

वादळ कधी होतं ते कसं कळणार? डीएसटी नाहीतर सिम-एच नावाचा इंडेक्स बघायचा, जपानच्या क्योतोचं डेटा सेंटर तो देतं. शांत दिवशी तो शून्याच्या आसपास असतो, वादळात एकदम खाली जातो, उणे १०० च्या खाली गेला की वादळ मोठं समजा. सिम-एच ज्या वेधशाळांच्या नोंदींवरून काढतात त्यांच्या यादीत आपलं अलिबाग आहे. १९०४ साली, मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून ती वेधशाळा समुद्रापलीकडे नेली. आणि कुलाब्याची काय ताकद होती बघा, १८५९ च्या सप्टेंबरमध्ये जे प्रचंड सौर वादळ झालं त्यात कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेलेलं आहे. पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेतल्या संशोधकांनी ते जुने कागद पुन्हा काढले आणि २००३ मध्ये तो पेपर आला, आज जगभर त्याचे दाखले देतात. तर पुढच्या वेळी अलिबागला किनाऱ्यावर भेळ खाताना तेवढं लक्षात असू द्या.

मूळ मुद्दा. सुरुवातीला १७ मार्च २०१५ चं वादळ घ्या, त्या सोलर सायकलमधलं सगळ्यात मोठं, आणि त्याच्यानंतरचे चार-पाच दिवस एकेक करून बघा.

तिसरं काम: कोड न लिहिता एक चित्र काढा

पायथन येत असेल तरी पहिलं चित्र कोडशिवाय काढा, असं माझं म्हणणं आहे, कारण कोड लिहिला की आपण कोडच्या चुका शोधत बसतो, लहरी राहतात बाजूला. नासाची सीडीएवेब नावाची साइट आहे. तिथे व्हॅन अ‍ॅलन प्रोब्स निवडा (जुन्या नावाने, आरबीएसपी म्हणून यादीत दिसतील), प्रकारात रेडिओ आणि प्लाझ्मा वेव्ह निवडा, मग एमफिसिसच्या वेव्हफॉर्म रिसीव्हरचे स्पेक्ट्रम आणि ‘वेव्ह नॉर्मल अ‍ॅनालिसिस’ असं नाव असलेली लेव्हल ४ ची फाइल, तारीख टाका, प्लॉट म्हणा. आयोवाच्या साइटवर दिवसादिवसाचे तयार प्लॉट पण असतात, आधी ते चाळले तरी चालेल, दहा मिनिटांत शंभर दिवस बघून होतात.

वेळ सगळी युनिव्हर्सल टाइममध्ये असते हे कृपा करून कागदावर लिहून समोर चिकटवा. मी एकदा दोन फाइल्स जोडताना एकीला आपली वेळ लावली, दुसरीला नाही, आणि साडेपाच तास पुढे सरकलेली लहर घेऊन दोन दिवस ‘हे विषुववृत्तापासून एवढ्या लांब कसं काय’ म्हणून नाचत होतो, मला वाटलं आता आपला पेपर नक्की.

चित्रात काय दिसेल? आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, रंग म्हणजे ताकद. उभा अक्ष लॉग ठेवा, लिनिअर ठेवलात तर आपला सगळा माल तळाशी चिकटून बसेल आणि दिसणारच नाही. नऊ तासांच्या फेरीत प्रत्येक लहरीचा पट्टा मोठ्या कढईसारखा दिसतो, सॅटेलाइट पृथ्वीजवळ असताना वर, लांब गेला की खाली, कारण क्षेत्र कमी झालं की सगळ्याच फ्रिक्वेन्सी उतरतात. त्या कढईच्या तळाकडे, १०० हर्ट्झच्या आसपास, एक ठळक डाग सुरू होऊन अर्ध्या-एक तासात (कधी जास्त) संपलेला दिसला तर तिथे थांबा. तो उमेदवार आहे. लगेच नाव देऊ नका, हे तर मी दहादा सांगणार आहे.

चौथं काम: त्या चित्रावर रेषा काढा

आता पेन-कागद. हे हाताने एकदा तरी करा, कॅलक्युलेटर चालेल.

विषुववृत्तावर चुंबकीय क्षेत्र किती हे अंदाजे काढायचं तर ३०,००० नॅनोटेस्ला भागिले एलचा घन. एल म्हणजे ती चुंबकीय रेषा विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून किती त्रिज्या लांब जाते ते. एल ४ असेल तर ३०,००० भागिले ६४, म्हणजे साधारण ४६९ नॅनोटेस्ला. प्रोटॉनची जायरोफ्रिक्वेन्सी हवी तर त्याला ०.०१५२ ने गुणा, आलं ७.१ हर्ट्झ. इलेक्ट्रॉनची हवी तर २८ ने गुणा, १३,१०० हर्ट्झ. आणि दाट प्लाझ्मात (प्लाझ्मा म्हणजे सुट्या आयन-इलेक्ट्रॉनचा वायू) लोअर हायब्रिड म्हणजे या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, ते प्रोटॉनवाल्या आकड्याच्या जवळपास ४३ पट येतं, म्हणजे ३०५ हर्ट्झ. झालं. एल ४ वर तुमचं शिकारीचं रान ७ ते ३०५ हर्ट्झ. एल ५ वर क्षेत्र २४० नॅनोटेस्ला, रान साधारण ४ ते १५७ हर्ट्झ. एल ३ वर १७ ते ७२५.

प्रत्यक्ष कामात हा अंदाज वापरू नका, सॅटेलाइटवर मॅग्नेटोमीटर होता, मोजलेलं क्षेत्र घ्या, वादळात ते अंदाजापेक्षा बरंच वेगळं असतं. पण अंदाज डोक्यात असला की मूर्खपणाचा आकडा आला तर लगेच कळतं. (माझा एकदा लोअर हायब्रिड तीनशे अब्ज हर्ट्झ आला होता. टेस्ला आणि नॅनोटेस्ला, दुसरं काय.)

मग या रेषा चित्रावर काढा: प्रोटॉन जायरो, लोअर हायब्रिड, इलेक्ट्रॉन जायरो आणि त्याची निम्मी. उमेदवार पहिल्या दोन रेषांच्या मध्ये बसतोय का? बसत असेल तर पुढे.

पाचवं काम: नकली माल बाजूला काढा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, त्यामुळे इथे जरा वेळ घेतो. त्याच रानात दुसरे प्राणी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या लहरी, पण फिरतात. कोरस तसा लांब असतो, तो बहुतेक इलेक्ट्रॉन जायरोफ्रिक्वेन्सीच्या दहाव्या भागापासून वर, प्लाझ्मापॉजच्या बाहेर (पृथ्वीभोवतीचा दाट प्लाझ्माचा गोळा म्हणजे प्लाझ्मास्फिअर, तो संपतो ती सीमा म्हणजे प्लाझ्मापॉज) आणि निम्म्याच्या रेषेवर त्याला बऱ्याचदा भेग पडलेली असते, त्यामुळे ओळखू येतो. इमिक लहरी प्रोटॉन जायरोच्या खाली. खरा त्रास देतो हिस. प्लाझ्मास्फिअरमधला हिस शंभर हर्ट्झपासून हजार-दोन हजारपर्यंत पसरलेला असतो, कधी अजून खाली उतरतो, आणि आपल्या लहरींच्या अंगावरच बसतो. नुसत्या रंगावरून दोघांत फरक करता येत नाही म्हणजे नाही. मी पहिले दोन महिने हिसलाच इक्वेटोरियल नॉइज समजत होतो.

फरक करायचा पोलरायझेशनवरून, आणि त्यासाठीच ते सहा घटक. आपल्या लहरीत चुंबकीय कंपन मुख्य क्षेत्राच्या दिशेनेच पुढे-मागे होतं, स्प्रिंग दाबल्या-सोडल्यासारखं, म्हणजे ते जवळजवळ एका सरळ रेषेत असतं. हिसमध्ये कंपन गोल फिरतं, उजव्या हाताने. हे मोजायचं माप म्हणजे एलिप्टिसिटी: शून्य म्हणजे सरळ रेष, एक म्हणजे पूर्ण गोल, अधिक चिन्ह उजवं, उणे डावं. ती लेव्हल ४ ची फाइल हे गणित आधीच करून देते, तुम्हाला फक्त प्लॉट करायचंय. एलिप्टिसिटी उणे ०.२ ते अधिक ०.२ च्या मध्ये असेल तर आपली, ०.७ च्या वर असेल तर हिस. चित्रात हे इतकं स्वच्छ दिसतं ना, की पॉवरच्या प्लॉटमध्ये एकच मोठा डाग असतो आणि एलिप्टिसिटीच्या प्लॉटमध्ये त्याचे सरळ दोन रंगांचे दोन तुकडे होतात, वरचा हिस आणि खालचा आपला.

दुसरी खूण, वेव्ह नॉर्मल अँगल, म्हणजे लहर मुख्य क्षेत्राशी किती कोनात चाललीय. आपली जवळपास काटकोनात जाते, लोक साधारण ८० अंशांच्या वरचं धरतात, बहुतेक वेळा ती ८५ च्या वरच असते. इथे एक सावधगिरी, जी पुस्तकात सहसा नवीन माणसाला कुणी सांगत नाही: कंपन एका रेषेत असेल तर फक्त चुंबकीय घटकांवरून लहर ‘काटकोनात’ चाललीय एवढंच कळतं, कुठल्या बाजूला, पृथ्वीकडे का बाहेर का आडवी, ते कळत नाही. कॉम्प्युटर काहीतरी आकडा देतोच, त्याच्यावर विश्वास ठेवून बाण काढत बसू नका. दिशा हवी असेल तर विद्युत घटक लागतात.

तिसरी खूण अक्षांश. चुंबकीय अक्षांशाची रेघ प्लॉटखाली ठेवा आणि बघा, ताकद शून्य अंशाजवळ सगळ्यात जास्त होऊन दोन्ही बाजूंना उतरतेय का. शिखर बरोबर शून्यावर नसलं, एक-दोन अंश सरकलेलं असलं तर दचकू नका, आपण पृथ्वीला साधा डायपोल धरून अक्षांश काढलेला असतो आणि खरं क्षेत्र वादळात वाकडंतिकडं झालेलं असतं.

तिन्ही खुणा जमल्या तर नाव द्या. दोनच जमल्या तर ‘बहुतेक’ असं लिहा. एकच जमली तर चहा प्या आणि दुसरा दिवस उघडा.

ताकद किती ते पण काढून ठेवा, सोपं आहे. प्लॉटवर नॅनोटेस्ला वर्ग प्रति हर्ट्झ असं एकक असतं, त्याला पट्ट्याच्या रुंदीने गुणायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. समजा ०.००००१ आणि रुंदी १०० हर्ट्झ, गुणाकार ०.००१, वर्गमूळ ०.०३२ नॅनोटेस्ला, म्हणजे ३२ पिकोटेस्ला. अशी दहा-वीस-पन्नास पिकोटेस्लाची लहर नेहमीची, काहीशे आली तर जोरदार आहे. जमिनीवर कुलाब्याला जे क्षेत्र आहे त्याच्या पुढे हे ३२ पिकोटेस्ला म्हणजे दहा लाखांत एक भाग पण नाही.

सहावं काम: रेषा शोधा, खरी मजा इथे आहे

वर म्हटलं तशा या लहरी आतून रेषा-रेषांच्या असतात, पण रोजच्या सर्व्हे डेटात त्या दिसणार नाहीत, कारण तिथे अख्खी फ्रिक्वेन्सी फक्त ६५ खणांत वाटलेली असते. बर्स्ट डेटा पाहिजे: सेकंदाला ३५,००० नमुने, एका तुकड्यात साधारण सहा सेकंद. या फाइल्स अवाढव्य असतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायला जाऊ नका, पॅक एका दुपारी संपेल (अनुभवाचे बोल). आधी सर्व्हेमध्ये बघून नेमका तास ठरवा, तेवढाच उतरवा.

इथून पुढे पायथन लागेल. पायस्पेडास नावाची लायब्ररी आहे, ती मोहिमेचं नाव, उपकरण आणि तारीख सांगितली की फाइल स्वतः उतरवून उघडून देते. मग एकेक सेकंदाचे तुकडे करून फुरिए ट्रान्सफॉर्म घ्या (म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती ताकदीची ते काढा), एक सेकंदाच्या तुकड्याने एक हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो आणि आपल्या रेषांमधलं अंतर चार ते सात हर्ट्झ असतं, म्हणजे पुरतं. आपल्याला पाचशे हर्ट्झच्या वरचं काही नकोय, त्यामुळे आधी फिल्टर लावून नमुने कमी केले तर लॅपटॉपचा पंखा पण शांत राहील.

फणीच्या दातांसारख्या समान अंतरावर रेषा दिसल्या की जो आनंद होतो तो सांगण्यासारखा नाही. क्लस्टरच्या ६ जुलै २०१३ च्या डेटात अशा इतक्या स्वच्छ रेषा सापडल्या की २०१५ मध्ये त्याच्यावर नेचर कम्युनिकेशन्समध्ये पेपर आला, तो फुकट वाचता येतो, त्यातली चित्रं समोर ठेवून आपलं चित्र ताडून बघा.

पण थांबा, सॅटेलाइटवरची इलेक्ट्रॉनिक्स पण रेषा काढते. ओळखायचं कसं? खरी रेषा क्षेत्राबरोबर सरकते. सॅटेलाइट बाहेर चाललाय, क्षेत्र उतरतंय आणि तुमची रेषा मात्र तासभर त्याच फ्रिक्वेन्सीवर पट्टीने आखल्यासारखी सरळ, तर तो सॅटेलाइटच्या पोटातला आवाज आहे, निसर्गाचा नाही. माझ्या वहीत ‘सुंदर हार्मोनिक!!’ असं दोन उद्गारचिन्हं टाकून लिहिलेलं एक पान आहे, ते तसलंच निघालं. पान फाडलं नाही अजून.

आता समजा रेषा खऱ्या आहेत पण अंतर जुळत नाही. तुम्ही एल ४ वर आहात, तिथली प्रोटॉन जायरो ७.१, आणि रेषांमधलं अंतर येतंय ५.२. चूक झाली का? बहुधा नाही. या लहरी क्षेत्राला काटकोनात चालतात, म्हणजे एका एलवर जन्मतात आणि आत-बाहेर फिरत दुसऱ्या एलवर पोचतात, पण रेषांमधलं अंतर जन्मगावचंच घेऊन येतात, जसं मालवणी माणूस पुण्यात तीस वर्षं राहिला तरी हेल लपत नाही. मग उलटं गणित करा: ५.२ भागिले ०.०१५२, म्हणजे ३४२ नॅनोटेस्ला; ३०,००० भागिले ३४२, म्हणजे साधारण ८८; त्याचं घनमूळ ४.४५. लहर एल ४.४५ च्या आसपास जन्मली असणार. घरबसल्या, एका लॅपटॉपवर, लहरीचं गाव सापडलं की हो!

सातवं काम: इंधन बघा

हे ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी सरळ खाली जा. लहर तयार व्हायला प्रोटॉनची ‘रिंग’ लागते, म्हणजे मंद प्रोटॉन कमी आणि एका ठरावीक वेगाचे जास्त अशी उलटी वाटणी, बहुतेक दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. वादळानंतर वेगवेगळ्या ऊर्जेचे प्रोटॉन वेगवेगळ्या वेगाने पृथ्वीभोवती सरकतात आणि काही वाटेत नष्ट होतात, त्यातून ही रिंग उरते. त्याच सॅटेलाइटवर होप नावाचं उपकरण होतं, त्यात ९० अंशांच्या पिच अँगलचे (म्हणजे क्षेत्राला काटकोनात घिरट्या घालणारे) प्रोटॉन बघा, ऊर्जा वाढताना फेज स्पेस डेन्सिटी (त्या जागी, त्या वेगाचे कण किती दाट आहेत ते माप) खाली जायच्या ऐवजी मध्येच वर चढतेय का.

चढत असेल तर वेग ताडा. दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन सेकंदाला साधारण १,३८५ किलोमीटर जातो. त्या जागेचा आल्फेन वेग (चुंबकीय लहर प्लाझ्मातून ज्या वेगाने पळते तो) म्हणजे क्षेत्राला २१.८ ने गुणून घनतेच्या वर्गमुळाने भागायचं. एल ४ वर ४६९ नॅनोटेस्ला आणि घनसेंटिमीटरला ५० कण असतील तर येतं सेकंदाला १,४४६ किलोमीटर. दोन्ही वेग जवळपास सारखे, म्हणजे जुळलं. प्लाझ्मास्फिअरच्या आत ३०० कण धरा, वेग ५९० वर येतो. बाहेर १० धरा, ३,२०० च्या वर जातो. प्रोटॉनचा वेग आल्फेन वेगाच्या निमपट ते दुप्पट असला की लहरी चांगल्या वाढतात असं ढोबळमानाने धरतात, म्हणून प्लाझ्मापॉजच्या सीमेपाशी, जिथे घनता धाडकन बदलते, तिथे मुद्दाम बघायचं.

आणि हे सगळं करून कुणाला काय फरक पडतो, असं घरचे विचारतात तेव्हा मी २००७ चा हॉर्न आणि मंडळींचा पेपर सांगतो. त्यांनी दाखवलं की या लहरी रेडिएशन बेल्टमधल्या (पृथ्वीभोवती अडकलेल्या वेगवान कणांच्या पट्ट्यातल्या) इलेक्ट्रॉनना एक-दोन दिवसांत प्रचंड ऊर्जेपर्यंत नेऊ शकतात, आणि त्याच इलेक्ट्रॉनमुळे सॅटेलाइट बिघडतात. प्रोटॉनकडून ऊर्जा घ्यायची, इलेक्ट्रॉनला द्यायची, मध्ये लहर दलाल. घरच्यांचं समाधान होतं असं नाही, पण टीव्हीचा डिश अँटेना म्हटलं की थोडं होतं.

शेवटचं: ऐका

लहरींची फ्रिक्वेन्सी आपल्या कानाच्या टप्प्यातच आहे, त्यामुळे बर्स्टचे सहा सेकंद सरळ ऑडिओ फाइल म्हणून सेव्ह करता येतात. आधी वीस हर्ट्झच्या खालचं आणि पाचशेच्या वरचं फिल्टरने काढा, नाहीतर वरचा हिस सगळं झाकून टाकतो. मग सगळ्यात मोठा नमुना एकच्या आत येईल असं भागा, हे विसरलात तर नुसती खरखर येते. लॅपटॉपच्या स्पीकरवर शंभर हर्ट्झ धड वाजत नाही, हेडफोन लावा, आणि वेग चौपट करून पण एक फाइल काढा. सहा सेकंदांचे दीड सेकंद होतात, तेवढं चार-पाच वेळा जोडून लावा.

मला ते तानपुऱ्यासारखं वाटतं, म्हणजे कुणीतरी लांबच्या खोलीत तानपुरा लावून सोडून गेलंय आणि मध्ये दार लोटलेलं आहे तसं. आमच्या आईला फ्रिज वाटला. तिने ऐकलं ती फाइल फिल्टर न लावलेली होती, ते तिला अजून सांगितलेलं नाही.